काकू पॅक होत नाहीत

घरी जमून पोकरची स्पर्धा खेळणाऱ्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते : चांगल्या खेळाडूंशी खेळणं सोपं, कच्च्या खेळाडूंपुढे मात्र काही चालत नाही. ते काहीही घेऊन बसतात, कशालाही कॉल करतात आणि शेवटच्या पानावर जिंकून जातात. मला ही तक्रार अर्धी खरी वाटते. उरलेलं अर्धं उलगडायचं तर दोन वेगळ्या घडणीची माणसं समोरासमोर बसवायला हवीत.

एक भाची. ऑनलाइन टेबलांवर तयार झालेली, गणित पक्कं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला, पैशांवरची ऑनलाइन टेबलं बंद झाली आणि ती मामाकडच्या रविवारच्या खेळात येऊ लागली. दुसरा मामा. झब्बू, रमी आणि तीन पत्ती खेळत मोठा झालेला, पोकर पुष्कळ उशिरा शिकलेला. खेळ टेक्सस होल्डेम : हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच; त्यातली पहिली तीन म्हणजे फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर. टेबलाला आठजण, प्रत्येकाला १०,००० चिप्स, दर पंधरा मिनिटांनी ब्लाइंड (पानं येण्याआधी दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम, एक छोटी, एक मोठी) दुप्पट. पैसे लावायचे नाहीत. पहिले दोघे जिंकतात, उरलेले सहाजण पुढच्या रविवारच्या जेवणाचं बघतात. पहिल्या तासात चिप्स संपल्या तर एकदा पुन्हा घ्यायची मुभा (रि-बाय), त्या बदल्यात आइस्क्रीम.

भाची : मामा, मी रेझ केलं की कोणीतरी पॅक व्हायला हवं ना? तुझ्या टेबलावर पाचजण चिप्स टाकून मोकळे होतात. हातात दोन एक्के असले आणि समोर एकच जण असला, तर मी शंभरात ८५ वेळा जिंकते. समोर पाचजण वाटेल ती पानं घेऊन बसले की तोच आकडा ४९ वर येतो. याहून चांगली पानं खेळात नाहीत आणि तरी निम्म्या वेळा हार.

मामा : आकडा बरोबर आहे. पण त्या पॉटमध्ये तुझं किती गेलं? सहाजणांनी सारखंच टाकलं, म्हणजे सहावा हिस्सा तुझा. शंभरातले १७ टाकून तू निम्म्या वेळा पूर्ण शंभर उचलतेस. यात तक्रार कसली?

भाची : पैशांच्या खेळात नाहीच. खिशातून आणखी काढता येतात. स्पर्धेत चिप्स संपल्या की उठावं लागतं, म्हणून मिळवलेल्या हजार चिप्सपेक्षा गमावलेल्या हजार जास्त महाग पडतात. मला पाचजणांशी जुगार नकोय. एकाशी हवाय, तोही पानं चांगली असताना.

मामा : मग तेवढं रेझ कर की. मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट रेझ करायचं हे तू जिथे शिकलीस, तिथे तिप्पट ऐकून माणसं विचारात पडतात. आपल्याकडे तिप्पट आणि दुप्पट एकच. सहापट कर, आठपट कर. चांगली पानं आहेत ना? मग किंमत वाढव. कोण किती रकमेला पॅक होतं हे पहिल्या अर्ध्या तासात समजतं, आणि ते समजून घ्यायला कॉम्प्युटर लागत नाही.

भाची : ते मान्य. पण ही माणसं मला वाचताच येत नाहीत. एकाच डावात आधी घाबरून कॉल, मग एकदम ऑल-इन. समोरच्याच्या वागण्याला तर्क असेल तर मी त्याच्याकडे काय असेल याचा अंदाज बांधणार. इथे तर्कच नाही. म्हणून मी ठरवलंय, यांना फाशांसारखं समजायचं. काय पडेल ते पडेल, आपण आपलं गणित करायचं.

मामा : इथे तू चुकतेस असं मला मनापासून वाटतं. फाशाला भूतकाळ नसतो. आपल्या टेबलावरची माणसं कुठून आली आहेत ते बघ. सगळी तीन पत्तीतून आली आहेत. तीन पानांत जोडी किंवा त्याहून चांगलं काही लागण्याची शक्यता किती?

भाची : जोडी साधारण १७ टक्के, त्यावरचं सगळं धरून पंचवीस-सव्वीस. चारातून एकदा.

मामा : आणि होल्डेममध्ये रिव्हरपर्यंत सात पानं बघितली तर?

भाची : ८२ टक्क्यांच्या वर. जोडीसुद्धा नसणं हीच तिथे दुर्मीळ गोष्ट.

मामा : बघ आता. ज्या माणसाने आयुष्यभर जोडी लागली की मांडी ठोकून बसायचं हे शिकलंय, तो अठ्ठीची जोडी हातात असताना का उठेल? त्याच्या हिशोबाने तीन चतुर्थांश लोकांकडे काहीच नाही. तो काहीही घेऊन बसलेला नाही, त्याच्या दृष्टीने तो चांगला माल घेऊन बसलाय. दुसरं, तीन पत्तीत शेवटी दोघं उरले की ‘शो’ मागायचा असतो. पैसे भरून समोरच्याची पानं बघणं हा तिथे हक्क आहे. आपल्या टेबलावरच्या काकूच घे, त्या रिव्हरवर कॉल करतात तेव्हा पॉटचं गणित करत नसतात, शो मागत असतात. तिसरं, तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो. पोकरमध्ये उलटं. टेबलावर तीन बदाम पडलेले असताना कोणी सिक्वेन्सवर सगळं लावलं, तर तुला तो बेफिकीर वाटतो. त्याला वाटत असतं, कलर आला तरी मीच मोठा.

भाची : हे मी कधी असं जोडून बघितलं नव्हतं. पण मग माझं काम आणखीच सरळ होतं. जोडीवर जो पॅक होत नाही, त्याच्यापुढे ब्लफ बंद. पॉट १,००० चा असेल आणि मी ५०० चा ब्लफ केला, तर तीनातून एकदा तरी समोरचा पॅक व्हायला हवा, नाहीतर तोटा. इथले लोक दहातून सात वेळा कॉल करतात असं धर. दहा ब्लफांत तीन वेळा १,००० मिळाले, सात वेळा ५०० गेले, म्हणजे ५०० चा खड्डा. पूर्ण पॉटएवढा ब्लफ केला तर खड्डा ४,००० चा.

मामा : या मुद्द्यावर मी तुझ्याशी शंभर टक्के सहमत आहे. ब्लफ म्हणजे समोरच्याला सांगितलेली गोष्ट. ऐकणाराच नसेल तर सांगायची कोणाला? पण त्याची दुसरी बाजू तू पाळत नाहीस. जो पॅक होत नाही त्याच्याकडून चांगल्या पानांवर भरपूर वसूल करायचं असतं. मागच्या रविवारचा काकूंबरोबरचा डाव आठव.

भाची : आठवतो, चांगलाच. ब्लाइंड १००-२००. माझ्याकडे इस्पिक एक्का आणि चौकट राजा. मी ६०० केले, चौघांनी कॉल केलं, त्यात दोन्ही ब्लाइंड. पॉट ३,०००. फ्लॉपवर बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. मी १,५०० लावले. काकू सोडून सगळे गेले. पॉट ६,०००. टर्नवर इस्पिक पंजी. मी २,००० लावले, काकूंनी कॉल केलं. रिव्हरवर चौकट अठ्ठी. आणि काकूंनी स्वतःहून ४,००० पुढे सरकवले. १०,००० चा पॉट, त्यावर त्यांचे ४,०००. मला ४,००० टाकून १४,००० मिळणार होते. पाचातून एकदा, फार तर थोडं जास्त, मी पुढे असले तरी कॉल बरोबर. मी कॉल केलं. त्यांच्याकडे अठ्ठी आणि चौकी. तीन अठ्ठ्या.

मामा : टर्नपासून बघू. राजाच्या जोडीवर तू पुढे होतीस. काकूंना वाचवणारी पानं कोणती? दोन अठ्ठ्या, तीन चौक्या. उरलेल्या ४४ पानांत पाच. जवळजवळ नवातून आठ वेळा तू जिंकतेस. तिथे ६,००० च्या पॉटवर २,००० का? काकूंनी ४,००० लासुद्धा कॉल केलं असतं, कदाचित सगळ्यालाही. त्यांच्याकडे जोडी होती!

भाची : मला वाटलं, जास्त लावलं तर त्या पॅक होतील.

मामा : इतका वेळ तू तक्रार करतेयस की त्या पॅक होत नाहीत.

भाची : बरं. टर्नचं कबूल. रिव्हरचं नाही. १४,००० साठी ४,०००. हे गणित कोणत्याही पुस्तकात बरोबरच ठरेल.

मामा : गणित बरोबर, त्यात भरलेला आकडा चुकीचा. पाचातून एकदा काकू खोटं खेळत असतील हे तू कुठून आणलंस? त्या संध्याकाळी काकूंनी तोवर एकदाही स्वतःहून चिप्स पुढे सरकवल्या नव्हत्या. फक्त कॉल, कॉल, कॉल. ज्या माणसाचा स्वभावच कॉल करण्याचा आहे, त्याने टर्नवर किंवा रिव्हरवर आपणहून बाजी वाढवली की त्याच्यावर विश्वास ठेवावा. सगळ्या घरगुती पोकरमध्ये एवढ्या खात्रीची दुसरी खूण मला माहीत नाही. शिवाय हात बघायचे. काकू एरवी चिप्स एकेक मोजून टाकतात. त्या वेळी त्यांनी चार थप्प्या एकदम उचलल्या.

मामाच्या या म्हणण्यात मला जास्त तथ्य वाटतं, आणि ते केवळ निरीक्षणाच्या कौतुकापोटी नाही. पॉटचं गणित ही भागाकाराची गोष्ट आहे, ती कोणीही शिकतो. त्या भागाकाराशी जो दुसरा आकडा ताडून बघायचा, समोरचा खोटं किती वेळा खेळतो हा, तो मात्र दर माणसामागे वेगळा काढावा लागतो. भाची तो आकडा सवयीने ऑनलाइन टेबलांवरून उचलून आणत होती. तिच्याकडेही उत्तर होतं, आणि ते साधं नव्हतं.

भाची : मामा, २०१९ मध्ये प्लुरिबस नावाचा प्रोग्रॅम सहाजणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध जिंकला. प्रत्येकाने दहा लाख डॉलरपेक्षा जास्त मिळवलेले खेळाडू होते ते. आणि त्या प्रोग्रॅमने समोरच्याचा स्वभाव ओळखायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. समोर कोण आहे हे न बघता तो आपला खेळ खेळत राहिला. मग मी काकूंच्या थप्प्या का मोजायच्या?

मामा : किती डाव खेळला तो?

भाची : १०,०००.

मामा : आणि आपण? दर पंधरा मिनिटांनी ब्लाइंड दुप्पट. २५-५०, ५०-१००, १००-२००, असं करत सातव्या पायरीला १,६००-३,२००. रि-बाय सोडून टेबलावर सगळे मिळून ८०,००० चिप्स. म्हणजे सगळ्यांचे धरून फक्त पंचवीस मोठे ब्लाइंड. तिथे स्पर्धा संपत येते. सात पायऱ्या म्हणजे पावणेदोन तास. पिसणं, वाटणं, मध्ये चहा, कोणाची पाळी ते विचारणं, असं सगळं धरून तासाला वीस-बावीस डाव. रात्रीत चाळीसच्या आत. एवढ्यात तुला दोन एक्के, दोन राजे, दोन राण्या किंवा एक्का-राजा किती वेळा येणार?

भाची : १,३२६ जोड्यांपैकी ३४. एकोणचाळिसातून एकदा.

मामा : म्हणजे तू ज्या पानांची वाट बघत बसतेस ती अख्ख्या संध्याकाळी सरासरी एकदा येतात. त्यातही कधी काकू अठ्ठी काढणार. धीर धर म्हणणारी पुस्तकं लांब खेळासाठी लिहिली आहेत.

भाची : थांब, इथे मी तुला पकडते. तू म्हणतोस धीर धरू नको. पण तू स्वतः काय करतोस? एका रंगाची सत्ती-अठ्ठी घेऊन स्वस्तात फ्लॉप बघतोस, सातव्या पायरीलासुद्धा. सुरुवातीला, प्रत्येकाकडे दोनशे मोठे ब्लाइंड असताना, ते छान आहे. फ्लॉपवर नशीब उघडलं तर न उठणाऱ्या माणसाकडून सगळं काढता येतं. दहा मोठे ब्लाइंड उरले की तो उद्योग संपला. तिथे ऑल-इन किंवा पॅक, मधलं काही नाही. आणि ऑल-इन कशावर करायचं हेही तुझ्याच सिद्धान्ताने ठरतं. समोरचे पॅक होणार नसतील तर कॉल झाल्यावरही टिकणारी पानं हवीत. एक्का-नव्वी कुठल्याही दोन पानांसमोर शंभरात बासष्ट-त्रेसष्ट वेळा जिंकते. सत्त्यांची जोडी ६६ वेळा. एका रंगाची सत्ती-अठ्ठी निम्म्याच्या आसपास. तिला जी किंमत आहे ती समोरचे घाबरले तर.

मामा : हे मी मान्य करतो. शेवटच्या पायऱ्यांना मी जास्त पानं खेळतो.

भाची : जास्त नाही, चुकीची. एक्का-तिर्री पॅक करतोस आणि सत्ती-अठ्ठी खेळतोस.

मामा : ठीक. आता उजवीकडच्या पाहुण्याचं सांग. जो पानं न बघता रेझ करत सुटतो.

भाची : ती तर तीन पत्तीतली ब्लाइंड चाल. तिथे न बघणाऱ्याला निम्मी किंमत द्यावी लागते म्हणून तिला अर्थ आहे. इथे न बघण्याबद्दल काहीच सूट नाही. त्याच्यासाठी जागा महत्त्वाची. त्याच्या डाव्या हाताला बसायचं, म्हणजे तो आधी बोलतो आणि आपण नंतर. चिठ्ठ्या टाकून जागा ठरत असतील तर निदान कोणत्या डावात आपण त्याच्यानंतर बोलणार हे लक्षात ठेवायचं. आणि चांगली पानं लागली की त्याच्यावर रेझ करून त्याला हाकलायचं नाही. तोच लावतोय ना, लावू दे. आपण नुसतं कॉल करायचं. तुझ्याकडे हेच चुकतं, मामा. तो ओरडला की तू चिडून मोठं रेझ करतोस.

मामा : चिडत नाही. त्याला थोडा धडा मिळावा असं वाटतं.

भाची : टेबलावर धडा द्यायचा नसतो. डाव संपल्यावर ‘अहो, एवढ्याशा पानांवर कॉल कसं केलंत?’ असं कोणी विचारलं की मला फार वाईट वाटतं. एक तर ते अपमानकारक आहे. आणि त्यातून काकू शिकल्या तर पुढच्या वेळी पॅक होतील. आपणच आपलं नुकसान केलं.

मामा : दुसऱ्या कारणाशी माझं जमत नाही. काकू शिकल्या तर उत्तमच. आणि तो सिक्वेन्स-कलरचा गोंधळ मला खटकतो. समोरच्याला नियमच माहीत नसताना त्याच्याकडून जिंकलेल्या चिप्स मी जिंकलेल्या मानत नाही. कोणता हात कोणावर, याचा मोठ्या अक्षरांतला तक्ता मी टेबलावर ठेवणार आहे. कलर सिक्वेन्सच्या वर, फुल हाऊस कलरच्या वर, सगळं. नवा माणूस आला की आधी वाचून दाखवायचं.

भाची : तक्ता ठेव, मीच छापून आणते. नियम न कळल्यामुळे झालेली चूक वेगळी आणि नियम कळूनही केलेली वेगळी. पहिलीचा फायदा मला नको. पण जोडीचं मोल कमी आहे, कॉल करू नका, हे तक्त्यात लिहायचं नाही. ते ज्याने त्याने खेळून शोधावं.

मामा : मान्य. पण मग माझीही एक मागणी. ब्लफ अगदी बंद करू नकोस. टेबलावर आठजण आहेत, आठही काकू नाहीत. तुझ्यासारखाच एक मुलगा येतो, पुस्तकं वाचलेला, प्रत्येक रेझनंतर तीस सेकंद विचार करणारा. तो पॅक होतो. ब्लफ करायचा तर त्याच्यासमोर एकटीने, काकू डावात नसताना. आणि दोन्ही ब्लाइंडमध्ये भित्री माणसं असतील तर पत्ते जवळजवळ न बघता ब्लाइंड चोरता येतात.

भाची : म्हणजे तुझ्या मते सगळ्यात सोपं गिऱ्हाईक तो?

मामा : ब्लफसाठी, हो. जो विचार करतो त्यालाच पटवता येतं.

भाची : मग माझी खरी मागणी ऐक. वेळापत्रक बदल. दुप्पट-दुप्पट बंद. २५-५०, ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००, २००-४००, ३००-६००, ५००-१,०००, ८००-१,६००, १,२००-२,४००, २,०००-४,०००. अकरा पायऱ्या. वीस मिनिटांची एक, म्हणजे तीन तास चाळीस मिनिटं. तेव्हा कुठे माणसं वाचायला, स्वस्त फ्लॉप बघायला, काकूंकडून नीट वसूल करायला जागा मिळेल. तुझा सगळा सिद्धान्त लांब खेळातच चालतो. आणि तूच खेळ लहान ठेवला आहेस.

मामा : मुद्दाम ठेवलाय. रि-बाय संपल्यावर जो पहिला बाहेर पडतो तो काय करेल अडीच तास? लहान खेळात नशीब मोठं असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच काकू महिन्यातून एखाद्या रविवारी जिंकतात आणि पुढच्या रविवारी न बोलावता येतात. तुझ्या वेळापत्रकावर तू दर वेळी पहिल्या दोघांत असशील, आणि दिवाळीपर्यंत टेबलाला चारच माणसं उरतील.

भाची : चार चांगली माणसं.

मामा : मला आठ हवीत.

भाची : तर मग मधलं काढू. माझ्या अकरा पायऱ्या, तुझी पंधरा मिनिटं. पावणेतीन तास. रि-बाय पहिल्या तासाऐवजी पहिल्या पाच पायऱ्यांपर्यंत, म्हणजे सव्वा तास कोणी बाहेर पडणारच नाही, दोनदा बुडाला तर गोष्ट वेगळी. आणि बाहेर पडलेल्यांसाठी आतल्या खोलीत दुसरं टेबल.

मामा : त्यावर काय खेळायचं?

भाची : तीन पत्ती. पण पत्ते काकू वाटतील.